'रूल मेड ॲब्सोल्यूट' म्हणजे आपण जिंकलो का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बीड जिल्ह्यातल्या वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा आहे. वादी तुमचे वडील, समोर त्यांचे चुलतभाऊ, म्हणजे तुमचे चुलते. दाव्याचा निकाल लागेपर्यंत चुलत्यांनी जमीन विकू नये म्हणून तुम्ही मनाई मागितली. तालुक्याच्या कोर्टाने ती दिली नाही, जिल्हा न्यायालयाने अपील फेटाळलं, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका केली. तिचा दोन पानी आदेश आता व्हॉट्सॲपवर आलाय. मोबाइलच्या भाषांतराने त्याचं 'नियम. नियम तात्काळ परत करण्यायोग्य केला' असं काहीतरी करून दिलं. कोर्टाच्या ॲपवर केस 'डिस्पोज्ड' दिसते. आणि चुलते गावभर सांगत सुटलेत की 'जैसे थे' (आदेशातलं 'स्टेटस को') झालं, म्हणजे आम्हीच जिंकलो. तुम्ही विचारताय: जिंकलो की हरलो? चौथ्या परिच्छेदात 'पिटिशनर इज नॉट इन पझेशन' असं का लिहिलंय? आणि यंदा पेरणी करायची की नाही?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुम्ही टाइप केलेला शेवटचा परिच्छेद आणि चौथ्यातली दोन वाक्यं, एवढंच माझ्यासमोर आहे. याचिका, तिच्यातल्या मागण्या, खालच्या दोन्ही कोर्टांचे आदेश मी पाहिलेले नाहीत. जिथे उत्तर त्या कागदांवर अवलंबून आहे तिथे मी तसं म्हणेन, आणि तेवढा भाग तुमच्या वकिलांकडून पक्का करून घ्या.

थोडक्यात उत्तर: याचिका जिंकलात. मनाई अजून मिळालेली नाही. दाव्याला तर कुणी हातही लावलेला नाही. चुलते जे सांगताहेत ते या तिन्हींपैकी कशातच बसत नाही.

आता सविस्तर. तुम्ही लिहिलंय की 'माझं इंग्रजी बरं आहे, तरी डोक्यावरून गेलं.' तसंच होणार, कारण अडचण इंग्रजीची नाहीच. कोर्टाचा आदेश ज्यांच्यासाठी लिहिलेला असतो, त्यांच्या हातात बाकीची सगळी फाइल असते. त्यामुळे आदेशातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुठल्यातरी कागदाकडे बोट दाखवतं. 'इम्प्युन्ड ऑर्डर', 'सूट प्रॉपर्टी', 'प्रेयर क्लॉज बी', 'द सेड अपील'. तो कागद जवळ नसेल तर शब्दकोश कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. माझ्याकडे पक्षकार आदेश घेऊन येतात तेव्हा मी शेवटच्या पानापासून वाचायला लागतो: कुणी काय करायचं, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर काय. एवढं हाताला लागलं की मग वर जाऊन कारणं बघायची. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली तर माणूस वकिलांच्या युक्तिवादातच अडकतो, आणि तुमच्या वडिलांचं तेच झालंय. त्याकडे नंतर येतो.

तुम्ही दिलेला शेवटचा परिच्छेद असा आहे: 'इम्प्युन्ड ऑर्डर इज क्वॉश्ड अँड सेट असाइड. मिसलेनियस सिव्हिल अपील इज रिस्टोअर्ड टु फाइल. द अपेलेट कोर्ट शॅल डिसाइड द सेम अफ्रेश, ऑन इट्स ओन मेरिट्स, विदिन एट वीक्स. पार्टीज शॅल अपिअर बिफोर द अपेलेट कोर्ट ऑन १४ जुलै. नो फ्रेश नोटीस शॅल बी इश्यूड. टिल डिसिजन ऑफ द अपील, पार्टीज शॅल मेंटेन स्टेटस को इन रिस्पेक्ट ऑफ द सूट प्रॉपर्टी. ऑल कन्टेन्शन्स आर केप्ट ओपन. रूल इज मेड ॲब्सोल्यूट इन द अफोरसेड टर्म्स. नो ऑर्डर ॲज टु कॉस्ट्स.'

सुरुवात त्या 'रूल'पासूनच करू, कारण सगळ्यांची दांडी तिथेच उडते. इथे रूल म्हणजे नियम नव्हे. रिटमध्ये कोर्ट समोरच्याला विचारतं, 'ही याचिका का मंजूर करू नये, ते सांगा.' या विचारण्याला रूल म्हणतात. इंग्लंडच्या जुन्या कोर्टांतली ही पद्धत मुंबई उच्च न्यायालयात आणि त्याच्या खंडपीठांत अजून रुळलेली आहे. नुसतं 'रूल' लिहिलं की याचिका सुनावणीला घेतली, एवढाच अर्थ. मोबाइलने ज्याचं 'परत करण्यायोग्य' केलं ते 'रिटर्नेबल' म्हणजे समोरच्याने उत्तर घेऊन यायची तारीख. 'फोर्थविथ' म्हणजे ती तारीख आजचीच, कारण दोन्ही वकील हजर आहेत आणि आत्ताच अखेरचं ऐकायला त्यांची हरकत नाही. म्हणून पुढे 'हर्ड फायनली विथ कन्सेंट' येतं. ही संमती ताबडतोब सुनावणी घ्यायला असते, निकालाला नव्हे. 'आमच्या वकिलाने संमती का दिली?' म्हणून वकिलाशी भांडायला निघालेले लोक मी पाहिलेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

सुनावणी झाल्यावर रूलचं दोनपैकी एक होतं. 'मेड ॲब्सोल्यूट' म्हणजे याचिका मंजूर, 'डिस्चार्ज्ड' म्हणजे नामंजूर. तुमचा रूल ॲब्सोल्यूट झालाय, म्हणजे याचिकेपुरते तुम्ही जिंकलात. पण त्याच्या शेपटीला 'इन द अफोरसेड टर्म्स' आहे, म्हणजे वर जेवढं दिलंय तेवढंच. त्यामुळे नेमकं काय मिळालं हे बघायला पुन्हा वरची वाक्यंच वाचावी लागतात.

'क्वॉश्ड अँड सेट असाइड' हे दोन शब्द एकाच अर्थाचे. आदेश रद्द केला. कायद्याच्या इंग्रजीला अशा जोड्यांची हौस आहे, त्यात दोन वेगळे अर्थ शोधत बसू नका. शोधायचं ते हे की रद्द झालेला आदेश कोणता. 'इम्प्युन्ड' म्हणजे ज्याला याचिकेत आव्हान दिलंय तो. पहिल्या किंवा दुसऱ्या परिच्छेदात त्याची तारीख आणि कोर्टाचं नाव असेल. तुम्ही दिलेल्या मजकुरात 'अपील इज रिस्टोअर्ड' आहे, त्यावरून जिल्हा न्यायालयाचा अपील फेटाळल्याचा आदेश रद्द झालाय, असं दिसतं. म्हणजे अपील पुन्हा जिवंत झालं. पण तालुक्याच्या कोर्टाचा, निशाणी ५ नामंजूर केल्याचा आदेश अजून जागेवर आहे. तो बरोबर की चूक, हे आता जिल्हा न्यायाधीश नव्याने ठरवणार. आपल्याकडे दाव्यासोबतचा तूर्तातूर्त (तात्पुरत्या) मनाईचा अर्ज बहुधा पाचव्या निशाणीला लागतो, म्हणून त्याला 'निशाणी पाच' म्हणतात. तो नामंजूर झाला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४३ खाली किरकोळ दिवाणी अपील करता येतं. तुमचं 'मिसलेनियस सिव्हिल अपील' म्हणजे तेच. मूळ दाव्याचं अपील नव्हे.

'मग उच्च न्यायालयाने स्वतःच मनाई का दिली नाही? एवढ्या लांब जाऊन पुन्हा खालीच?' हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण वडील विचारतीलच. अशा याचिका बहुधा घटनेच्या अनुच्छेद २२७ खाली असतात. तिथे उच्च न्यायालय खालच्या कोर्टावर देखरेख करतं, सातबारा, फेरफार घेऊन सगळा पुरावा पहिल्यापासून तोलायला सहसा बसत नाही. खालच्या कोर्टाने महत्त्वाचा कागद बघितलाच नाही, किंवा कारणं न देता निकाल दिला असं दिसलं, की 'पुन्हा नीट बघा' म्हणून परत पाठवतं. तुमच्या आदेशात शेवटच्या परिच्छेदाच्या थोडं वर 'हॅज नॉट ॲडव्हर्टेड टु' असं काही आहे का बघा. म्हणजे 'याकडे लक्षच दिलं नाही'. त्याच्या पुढे ज्या कागदांची नावं असतील, तेच तुमचे पुढच्या सुनावणीचे मुख्य कागद.

'ऑल कन्टेन्शन्स आर केप्ट ओपन' याचा अर्थ, दोघांचे सगळे मुद्दे शाबूत आहेत, आम्ही कुणाच्याही बाजूने काही ठरवलेलं नाही. चुलते उच्च न्यायालयाचा आदेश नाचवत 'कोर्टाने आमचं मान्य केलं' म्हणत असतील तर हे एक वाक्य त्यांना दाखवा. पण ते तुम्हालाही तेवढंच लागू आहे. १४ तारखेला तुमच्या वकिलांनीही 'हायकोर्टाने आमचं मान्य केलंय' एवढ्यावर भिस्त ठेवून चालणार नाही.

आता चौथा परिच्छेद. 'पिटिशनर इज नॉट इन पझेशन' हे वाचून वडिलांची झोप उडाली, असं तुम्ही लिहिलंय. पण तुम्हीच टाइप केलेल्या मजकुरात त्या वाक्याची सुरुवात बघा: 'लर्नेड कौन्सेल फॉर रिस्पॉन्डंट नंबर १ सबमिट्स दॅट'. रिस्पॉन्डंट नंबर १ म्हणजे तुमचे चुलते. म्हणजे चुलत्यांच्या वकिलांनी कोर्टाला सांगितलं की वाटणी पूर्वीच तोंडी झाली आहे आणि पिटिशनरचा कब्जा नाही. कोर्टाने ते लिहून घेतलंय, मानलेलं नाही. आदेशात 'सबमिट्स', 'कन्टेन्ड्स', 'अर्जेस', 'इट इज द केस ऑफ' असं काही दिसलं की पुढचं सगळं त्या बाजूचं म्हणणं समजायचं. कोर्टाचं स्वतःचं मत 'आय फाइंड', 'इन माय व्ह्यू', 'इट इज क्लिअर फ्रॉम द रेकॉर्ड' अशा शब्दांनी येतं. त्यातही 'प्रायमा फेसी' असेल तर ते सध्यापुरतं, साक्षीपुराव्यानंतर बदलू शकणारं. भाषांतराच्या ॲपमध्ये लांब वाक्य तोडून टाकलं की नेमका 'सबमिट्स दॅट' हा भाग मागच्या तुकड्यात राहतो, आणि समोरच्या वकिलाचा आरोप कोर्टाचा निष्कर्ष वाटायला लागतो.

माणसांची पदं कोर्टागणिक बदलतात, हेही ध्यानात ठेवा. तुमचे वडील दाव्यात वादी, अपिलात अपिलार्थी, रिटमध्ये पिटिशनर. उलट चुलते हरून वर गेले असते तर पिटिशनर ते झाले असते. आदेशाची प्रत हातात आली की मी पहिल्या पानावर पेन्सिलीने प्रत्येक नावापुढे 'आपण' किंवा 'समोरचे' असं लिहून देतो. तुम्हीही तसं करा आणि मग पुन्हा वाचा.

१४ जुलैकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. 'नो फ्रेश नोटीस' म्हणजे जिल्हा न्यायालयातून तुम्हाला समन्स, नोटीस काहीही येणार नाही. उच्च न्यायालयाने तारीख सांगितली, तीच नोटीस. खंडपीठातले वकील आणि जिल्ह्यातले वकील बहुधा वेगळे असतात, आणि मधल्या मध्ये ही तारीख हरवते. अपिलार्थी किंवा त्याचे वकील हजर नसतील तर अपील गैरहजेरीत काढून टाकता येतं. ते परत फाइलवर घ्यायचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो, आणि गैरहजेरीला सबळ कारण द्यावं लागतं. अपीलच गेलं तर त्याच्यावर टेकलेलं 'जैसे थे'ही धोक्यात येतं. तेव्हा जिल्ह्यातल्या वकिलांना आजच फोन करा, आदेशाची प्रत द्या, आणि अपील बोर्डावर (त्या दिवशीच्या कामांच्या यादीत) आलंय का ते तारखेच्या आदल्या दिवशी बघा.

'विदिन एट वीक्स' हे जिल्हा न्यायालयाला सांगितलेलं आहे, तुम्हाला नव्हे. आठ आठवड्यांत झालं नाही तर ते न्यायालय वरून मुदत वाढवून मागू शकतं. काही लोक समजतात की आठ आठवडे संपले की जैसे थे संपलं. तुमच्या आदेशात तसं नाही, तिथे 'टिल डिसिजन ऑफ द अपील' आहे, म्हणजे अपिलाचा निकाल लागेपर्यंत. 'फॉर अ पिरिअड ऑफ एट वीक्स' असं असतं तर गोष्ट पूर्ण वेगळी होती; मग मुदत संपायच्या आत वाढवून घ्यावी लागली असती. दोन्ही वाक्यप्रयोग रोज वापरात आहेत, म्हणून कुठल्याही अंतरिम आदेशात 'टिल' आणि 'फॉर'च्या पुढचे शब्द वेगळे काढून वाचायचे.

आता पेरणी. इथे सरळ हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही, कारण आदेशात नुसतं 'स्टेटस को इन रिस्पेक्ट ऑफ द सूट प्रॉपर्टी' आहे. कब्ज्याचं, विक्रीचं की दोन्हीचं, ते स्पष्ट केलेलं नाही. काही आदेशांत 'ॲज टु पझेशन' किंवा 'ॲज टु एलिएनेशन' असं नेमकं असतं. एलिएनेशन म्हणजे विक्री, गहाण, बक्षीसपत्र, कुठलाही हक्क दुसऱ्याला देणं. तुमच्यासारखा मोघम आदेश असेल तर मी पक्षकाराला दोन्ही धरून चालायला सांगतो: आदेशाच्या दिवशी जागेवर आणि कागदावर जी स्थिती होती ती दोघांनीही बदलायची नाही. 'पार्टीज' म्हटलंय, म्हणजे बंधन तुमच्यावरही आहे. हे लोक विसरतात आणि आदेश आपल्याच बाजूचा आहे असं धरून चालतात.

त्या दिवशी जो भाग वडिलांच्या वहितीत होता तो कसणं, नेहमीसारखी पेरणी, कोळपणी, काढणी करणं, हा त्या स्थितीचाच भाग आहे. माझ्या मते वडिलांनी पेरणी करावी. कसणाऱ्याने रान पडीक ठेवलं तर उलट समोरचा म्हणेल, बघा, कब्जा यांचा नाहीच. पण नवी विहीर खोदणं, बांध फोडणं, तारेचं कुंपण घालणं, फळबाग लावणं, दोन तुकडे एक करणं, यातलं काही करू नका. आणि जो तुकडा त्या दिवशी चुलते कसत होते तिथे पाऊल टाकू नका, तुमचा हिस्सा असला तरी. तो कुणाकडे होता यावरच वाद असेल, तर तेवढ्यापुरतं माझं 'पेरणी करावी' मागे घ्या आणि वकिलांना विचारल्याशिवाय औत घालू नका.

पुरावा आताच गोळा करा, कारण सहा महिन्यांनी 'त्या दिवशी काय स्थिती होती' यावरच भांडण होईल. चालू सातबारा डिजिटल सहीचा काढून ठेवा, गाव नमुना बारामधली पिकाची नोंद बघा, ई-पीक पाहणी वेळेत करा, बांधांवरून तारीख पडणारे फोटो घ्या. आदेशाची एक प्रत तलाठ्याकडे अर्जासह द्या आणि पोहोच घ्या. एक दुय्यम निबंधकाकडेही द्या. मात्र निबंधक दस्त अडवेलच असं धरून बसू नका. आदेश पक्षकारांवर आहे, निबंधकाचं कार्यालय त्यात पक्षकार नाही. प्रत देण्याचा उपयोग वेगळा आहे: उद्या चुलत्यांनी दस्त केलाच, तर घेणाऱ्याला 'मला ठाऊक नव्हतं' म्हणणं जड जातं. आदेश मोडला तर उच्च न्यायालयाकडे अवमानाची याचिका करता येते. दिवाणी कोर्टाची मनाई मोडली तर आदेश ३९ नियम २अ खाली मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. चुलत्यांना याची कल्पना वकिलामार्फत एका साध्या नोटिशीने द्या. पारावर भांडून नव्हे.

'नो ऑर्डर ॲज टु कॉस्ट्स' म्हणजे ज्याचा खर्च त्याचा. आणि ॲपवरचं 'डिस्पोज्ड' म्हणजे त्या कोर्टातली ती फाइल बंद झाली. जिंकलात तरी डिस्पोज्ड, हरलात तरी डिस्पोज्ड, परत खाली पाठवली तरी डिस्पोज्ड. गावातल्या कुणी ॲपचा फोटो दाखवून काही सिद्ध करायला आलं तर वाद घालत बसू नका.

पुढच्या काही महिन्यांत आणखी काही शब्द तुमच्यासमोर येतील, त्यातले फसवे तेवढे सांगतो. अर्जाच्या समासात न्यायाधीश 'अदर साइड टु से' लिहितात. महाराष्ट्रातल्या कोर्टांत 'से' हे नामच झालंय: समोरच्याचं लेखी म्हणणं. 'से दाखल नाही' म्हणजे त्यांनी उत्तर दिलेलं नाही. 'ॲडमिट' हा शब्द अपिलावर दिसला तर ते मंजूर झालेलं नसतं, पूर्ण सुनावणीसाठी दाखल करून घेतलेलं असतं, निकाल कधी वर्षांनी लागतो. 'स्टँड ओव्हर' किंवा नुसतं 'एस.ओ.' म्हणजे पुढची तारीख. 'इन टर्म्स ऑफ प्रेयर क्लॉज सी' असं दिसलं तर आदेशात अर्थ शोधू नका, याचिकेच्या शेवटच्या पानांवर मागण्या अ, ब, क अशा लिहिलेल्या असतात, त्यातली तिसरी वाचा. ती तुमच्या वकिलांनी जशी लिहिली असेल, तेवढंच तुम्हाला मिळालं.

दोन शब्दांना मात्र मी खरोखर घाबरतो. पहिला 'फेलिंग विच'. 'दोन आठवड्यांत अमुक करा, फेलिंग विच याचिका विदाउट फर्दर रेफरन्स टु द कोर्ट डिसमिस होईल', म्हणजे मुदत चुकली की पुढे कुणी विचारणार नाही, याचिका आपोआप गेली. कार्यालयीन त्रुटी वेळेत दूर न केल्यामुळे चांगल्या केसेस अशा जातात. दुसरा 'लिबर्टी'. 'डिसमिस्ड ॲज विथड्रॉन' एवढंच असेल आणि पुढे 'विथ लिबर्टी टु फाइल फ्रेश सूट' नसेल, तर त्याच विषयावर, त्याच कारणासाठी नवा दावा आणायची वाट बंद होते. तडजोडीच्या गप्पा चालू असताना 'सध्या काढून घेऊ, मग बघू' असं कुणी म्हणालं तर पुरसीसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, सही करायच्या आधी तिच्यात ही परवानगी मागितली आहे का ते वाचा, आणि कोर्टाने ती दिली का ते आदेशात बघा.

कुणीतरी विचारेल की हे सगळं मराठीत का नाही. घटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. खालच्या कोर्टांसाठी महाराष्ट्र सरकारने १९९८ साली मराठी ही न्यायालयीन भाषा जाहीर केली आहे, त्यामुळे तालुक्याचा निकाल तुम्हाला मराठीत मिळू शकतो. सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल आता मराठी भाषांतरातही मिळतात, पण अधिकृत इंग्रजीच धरलं जातं. आणि खरं सांगायचं तर मराठी निकालातलं 'तूर्तातूर्त', 'कैफियत', 'दरखास्त' आजच्या पुण्यात वाढलेल्या मुलाला इंग्रजीइतकंच परकं असतं.

प्रत कोणती हेही बघा. व्हॉट्सॲपवरची पीडीएफ वाचायला चालेल. आदेशात 'पार्टीज टु ॲक्ट ऑन ऑथेंटिकेटेड कॉपी' असेल तर खालच्या कोर्टात साक्षांकित प्रतीवर काम भागतं. तरीही प्रमाणित नक्कल मागवा. तिच्या मागच्या शिक्क्यात नकलेचा अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी, या तारखा असतात. पुढे कधी अपिलाची वेळ आली, म्हणजे जिल्हा न्यायालयात ३० दिवस किंवा उच्च न्यायालयात ९० दिवस, तर नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ त्यातून वजा होतो. तो हिशेब या शिक्क्यावरूनच करतात. नकलेचा अर्ज उशिरा केला तर त्या उशिराचे दिवस मात्र तुमचेच.

शेवटी तुम्ही सहज लिहिलेली एक गोष्ट: 'आदेशात गट नंबर १४१ पडलाय, आमचा ११४ आहे, पण ते टायपिंग असेल.' ते तसं सोडू नका. आदेशातली 'सूट प्रॉपर्टी' कोणती, हे दाव्याच्या पहिल्या कलमातल्या वर्णनावरून आणि चतुःसीमेवरून ठरतं, त्यामुळे आदेश रद्दबातल होत नाही. पण तलाठी आणि निबंधक दावा वाचत बसणार नाहीत, ते आकडा बघतील. मुंबई उच्च न्यायालयात अशा लिहिण्यातल्या चुकांसाठी 'स्पीकिंग टु द मिनिट्स' नावाची सोय आहे: तुमचे खंडपीठातले वकील समोरच्या वकिलांना कळवून त्याच न्यायमूर्तींसमोर प्रकरण घेतात आणि तेवढी दुरुस्ती होते. त्यातून आदेशाचा आशय बदलून मिळत नाही. 'स्टेटस को कशाचं' हे स्पष्ट करून हवं असेल तर वेगळा दिवाणी अर्ज करावा लागेल, आणि तो करण्यात फायदा आहे की नाही हे जागेवरच्या कब्ज्यावर अवलंबून आहे. कब्जा तुमच्या बाजूने पक्का नसेल तर तुमचे वकील कदाचित मोघमपणाच ठेवू म्हणतील, आणि ते चूक नसेल. गट नंबर मात्र १४ जुलैच्या आत दुरुस्त करून घ्या, आणि तलाठ्याकडे प्रत द्यायची ती त्यानंतरचीच द्या.